उदास मनाचा वाटाड्या : रब्बी नाखमान

भगिनींनो, मनात एकदा वाईट विचार शिरला की तो लवकर हलत नाही. आपल्या हातून आजवर काही चांगले झाले नाही, पुढेही होणार नाही, असे वाटू लागते. हात कामात असतात, पण मन जड होऊन बसते. अशा मनाशी जन्मभर झगडलेल्या एका सत्पुरुषाची हकिगत आज थोडक्यात सांगते. त्यांचे नाव रब्बी नाखमान. रब्बी म्हणजे ज्यू लोकांचे धर्मगुरू. आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल लोक शनिवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांचा धर्मही हाच. नाखमान मात्र दूर युरोपातले.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १७७२ रोजी मेझिबूझ या गावी झाला. ते गाव आज युक्रेन देशात आहे. घराणे मोठे. भोळ्याभाबड्या, अडाणी माणसालाही आनंदाने देव जोडता येतो असे शिकवणारा हसीद पंथ ज्यांनी काढला, ते बाल शेम तोव्ह नाखमान यांच्या आईचे आजोबा. अशा घरात जन्मलेल्या मुलाला भक्ती सोपी गेली असेल असे आपल्याला वाटते. पण तसे नव्हते. देव आपल्याला जवळ करीत नाही असे त्या लहान जिवाला वारंवार वाटे. तो खचे, आणि पुन्हा नव्याने सुरुवात करी. एका दिवसात कितीतरी वेळा असे होई, असे त्यांच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे.

तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव सोसिया. १७९८ साली ते पवित्र भूमीच्या, म्हणजे आजच्या इस्रायलच्या, यात्रेला निघाले. घरात पैसा नव्हता, बायकोमुलींचे हाल होणार हे दिसत होते, तरी ते गेले. आपल्याला बायकांना हे वाचून बरे वाटत नाही, पण झाले ते असे. नेपोलियनच्या लढाईच्या धामधुमीतून १७९९ साली ते कसेबसे परतले. १८०२ मध्ये ते ब्रात्स्लाव गावी राहायला आले. तेथेच नाथान नावाचा तरुण शिष्य त्यांना मिळाला. गुरूचे बोल त्याने लिहून घेतले म्हणूनच ते आज आपल्यापर्यंत आले.

पुढची वर्षे फार दुःखाची गेली. त्यांना आठ मुले झाली, त्यांतल्या चार मुलीच जगल्या. शलोमो एफ्राइम हा मुलगा १८०६ साली दीड वर्षाचाही न होता गेला. १८०७ मध्ये क्षयाने सोसियाबाई गेल्या आणि त्याच रोगाने नाखमान यांनाही धरले.

मुलगा गेला त्याच उन्हाळ्यात त्यांनी लोकांना गोष्टी सांगायला सुरुवात केली. पहिली गोष्ट हरवलेल्या राजकन्येची. राजाचा प्रधान तिच्या शोधाला निघतो. ती सापडते, पण ऐन वेळी त्याच्याकडून चूक होते आणि ती पुन्हा दुरावते. तो पुन्हा चालू लागतो. शेवटी त्याने तिला सोडवले एवढेच नाखमान सांगतात. कसे सोडवले ते सांगत नाहीत. वाट दिसत नसली तरी चालायचे, यालाच ते श्रद्धा म्हणत.

ज्यू लोकांच्या गूढविद्येला कबाला म्हणतात. देवाच्या प्रकाशाच्या ठिणग्या सगळ्या सृष्टीत विखुरल्या आहेत आणि त्या वर उचलणे हे माणसाचे काम आहे, असे ती सांगते. नाखमान यांनी हे अवघड ज्ञान संसारी माणसाच्या हातात दिले. दुसऱ्या माणसात, तो कितीही वाईट दिसो, एखादा तरी चांगला कण शोधावा; त्या शोधण्यानेच तो सुधारू लागतो. मग तीच नजर स्वतःकडे वळवावी. आपल्या चांगल्या कामातही खोट दिसेल, तरी त्यात एक कण खरा असतोच. तो धरावा, मग दुसरा शोधावा. सुरामागून सूर जोडत गाणे होते, तसे हे कण जोडत मन उभे राहते.

उदासपणाला पळवून न लावता आनंदात ओढून आणावे, असे ते म्हणत. मंगळागौरीच्या खेळात कोपऱ्यात बसलेल्या बाईला हात धरून फेरात घेतात, अगदी तसे. आणि रोज तासभर एकांतात आपल्याच भाषेत देवाशी बोलावे. शब्द सुचले नाहीत तर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावा.

दानाविषयी तर त्यांचे म्हणणे बायकांना पटकन समजेल. कोणतीही सुरुवात कठीण, पहिल्या बाळंतपणासारखी. वाट उघडलेली नसते. दान ती वाट रुंद करते. देताना हात आखडतो, पोटात कठोरपणा असतो. तो मोडून दिले म्हणजे खरे दान सुरू झाले. एलिया या संदेष्ट्याला कावळ्यांनी अन्न आणून दिले अशी त्यांच्या धर्मग्रंथात कथा आहे. क्रूर समजला जाणारा पक्षीसुद्धा देऊ लागला, मग माणसाने का बदलू नये, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

१८०८ साली त्यांच्या शिकवणीचा लिकुते मोहरान हा ग्रंथ छापला गेला. १८१० मध्ये ब्रात्स्लावला आग लागून घर जळाले, तेव्हा ते उमान गावी गेले. १७६८ साली तेथे हजारो ज्यूंची कत्तल झाली होती; त्यांच्याशेजारीच आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती. रोग बळावला होता, बोलायला दम पुरत नव्हता. तरी निराश होऊ नका, निराशा नावाची वस्तूच जगात नाही, हेच ते लोकांना बजावत राहिले. १६ ऑक्टोबर १८१० रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या गादीवर दुसरा गुरू कोणी बसला नाही. तरी ज्यूंच्या नववर्षाला हजारो लोक आजही उमानला त्यांच्या समाधीपाशी जमतात.

भगिनींनो, धर्म वेगळा, देश वेगळा, पण मन सगळ्यांचे सारखेच. मन फार जड होईल त्या दिवशी शेजारणीचा, सुनेचा किंवा सासूचा एक चांगला गुण आठवावा, स्वतःचा एक आठवावा, आणि दारी आलेल्याला मूठभर का होईना द्यावे. दुःख सरण्याची वाट पाहू नये. नाखमान यांचे तरी दुःख कुठे सरले होते?