विषारी बी आणि एक मेल्टिंग पॉइंट

केमिस्ट्री लॅबमधलं सगळ्यात बोअर प्रॅक्टिकल कोणतं? माझ्या मते मेल्टिंग पॉइंट! बारीक काचनळीत चिमूटभर पावडर भरायची, थर्मामीटरकडे टक लावून बसायचं आणि आकडा जर्नलात उतरवायचा. (कधी कधी शेजारच्याच्या जर्नलातून!) पण अशाच एका आकड्यावर एका माणसाने आपलं सगळं करिअर पणाला लावलं होतं. त्याची गोष्ट वाचल्यापासून मी त्या काचनळीकडे जरा आदराने बघतो. त्या माणसाचं नाव डॉ. पर्सी ज्युलियन.

जन्म ११ एप्रिल १८९९, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीपुढे सरकारी शाळाच नव्हती. तरीही १९१६ साली ज्युलियन यांनी इंडियाना राज्यातल्या डीपॉ विद्यापीठात प्रवेश मिळवला. दिवसा कॉलेजचे वर्ग आणि सोबत राहून गेलेला हायस्कूलचा अभ्यास, असं दुहेरी ओझं! त्यात हॉस्टेलमध्ये जागा नाही, कारण कातडीचा रंग. शेवटी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात वाढप्याचं आणि भट्टी पेटती ठेवण्याचं काम धरलं, तेव्हा तिथे झोपायला जागा मिळाली. मित्रांनो, मेसच्या भाजीवरून आपण रोज भांडतो. हा मुलगा इतरांची ताटं वाढून मग अभ्यासाला बसायचा. १९२० साली तो वर्गात पहिला आला.

पुढे हार्वर्डमधून १९२३ साली मास्टर्स झालं. पण गोरी मुलं यांच्या हाताखाली शिकणार नाहीत, या भीतीने तिथे शिकवण्याचं काम मिळालं नाही. पीएच.डी.साठी ते व्हिएन्नाला गेले आणि १९३१ साली डॉक्टर झाले. वनस्पतींमधल्या अल्कलॉइड्सचं वेड त्यांना तिथेच लागलं.

आता येते आपली बी. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात, एक वेल झाडांवर चढते. तिच्या शेंगांतल्या बिया जहाल विषारी. पूर्वी तिथे आरोपीला ही बी खायला घालत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार! या बीमधलं फायसोस्टिग्माइन १८६४ साली वेगळं काढलं गेलं. ते अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. जास्त झालं तर श्वास थांबतो; पण थेंबभर डोळ्यात घातलं तर बाहुली आकसते, आतलं पाणी निचरतं आणि दाब उतरतो. म्हणून काचबिंदूवर ते औषध ठरलं.

हे रेणू प्रयोगशाळेत बनवायचे असं ज्युलियन यांनी ठरवलं. जुन्याच कॉलेजात, डीपॉमध्ये, व्हिएन्नाचे सहकारी योसेफ पिकल यांच्यासोबत काम सुरू झालं. अडचण एकच, पण केवढी! ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन याच मागे होते. वाटेतला एसेरेथोल हा पदार्थ बनवल्याचं त्यांच्या गटाने छापलंही होतं आणि ज्युलियन यांचा पदार्थ त्याच्याशी जुळत नव्हता. रॉबिन्सन म्हणजे त्या काळचं फार मोठं नाव (१९४७ साली त्यांना नोबेलही मिळालं). ज्युलियन यांनी सरळ छापून टाकलं की आपलं बरोबर आहे, त्यांचं नाही. चुकले असते तर पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. मग त्यांनी खऱ्या बीपासून मिळवलेला आणि स्वतः बनवलेला पदार्थ शेजारी शेजारी तापवला. दोन्ही एकाच तापमानाला वितळले! १९३५ साली फायसोस्टिग्माइनचं संपूर्ण संश्लेषण पूर्ण झालं.

थर्मामीटरने रंग विचारला नाही. माणसं मात्र विचारत राहिली. डीपॉने प्राध्यापकपद दिलं नाही. एका बड्या कंपनीने पिकलना घेतलं, ज्युलियनना नाही. १९३६ साली शिकागोच्या ग्लिडन कंपनीने त्यांना सोयाबीन विभागात संशोधनप्रमुख नेमलं. १९४० साली तिथल्या तेलाच्या भल्यामोठ्या टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा थर साचला. बाकीच्यांना वाटलं, तेल वाया गेलं. ज्युलियन यांनी मात्र ओळखलं, हा स्टिग्मास्टेरॉल! कॅलाबार बीच्या तेलातही त्यांना तो असाच भेटला होता. त्यापासून गर्भपात टाळण्यासाठी लागणारं प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. १९४९ मध्ये कॉर्टिसोनचं भावंड असलेलं 'कंपाऊंड एस' त्यांनी स्वस्तात बनवून दाखवलं. पुढे स्वतःची कंपनी काढून मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून स्टेरॉइड्स बनवली.

१९५० साली शिकागोच्या एका दैनिकाने त्यांना वर्षातला मानाचा नागरिक ठरवलं. त्याच वर्षी त्यांनी ओक पार्क या गोऱ्यांच्या उपनगरात घर घेतलं, तर ते जाळायचा प्रयत्न झाला. १९५१ मध्ये डायनामाइट फेकलं. घरात मुलं होती. कुटुंब हललं नाही.

१९ एप्रिल १९७५ रोजी ज्युलियन गेले. तोवर शंभराहून जास्त पेटंटं नावावर होती. १९८० साली डीपॉने आपल्या विज्ञान-गणिताच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं. ज्या कॅम्पसवर त्यांना एक खोली मिळाली नव्हती, तिथे! तर पुढच्या प्रॅक्टिकलला आकडा शेजाऱ्याच्या जर्नलातून उतरवण्याआधी एकदा स्वतःची काचनळी बघाच. न जाणो, शेजाऱ्याचंच चुकलेलं असेल!