वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आघारकर

नाशिक जिल्ह्यात सातमाळा डोंगरांच्या कुशीत चांदवड हे जुने गाव वसले आहे. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहण्यास लोक तेथे जातात. उन्हाळ्यात त्या बाजूचे माळरान करपून जाते. परंतु रुई, बोर, बाभूळ यांसारखी झाडेझुडपे तशा उन्हातही तग धरून राहतात. रुईचे फळ उकलले, की रेशमासारख्या तंतूंचा झुबका असलेले बी वाऱ्याबरोबर दूर उडून जाते. बोराचा गर पशुपक्षी खातात आणि आठळी भलत्याच ठिकाणी पडून रुजते. झाडाला पाय नाहीत. तरीही त्याचे कूळ देशोदेशी प्रवास करते. कोरड्या मुलखातील वनस्पती मूळच्या कोठल्या आणि त्या पसरल्या कशा, या प्रश्नाचा ज्यांनी शास्त्रीय दृष्टीने शोध घेतला, त्या डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव भारतीय वनस्पतिशास्त्रात आदराने घेतले जाते.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणातील मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच ते जीवशास्त्राचे अध्यापक झाले. निसर्गाचे ज्ञान केवळ ग्रंथांतून मिळवून त्यांचे समाधान होत नसे. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडून त्यांनी तेथील वनस्पती व प्राणी यांचे बारकाईने निरीक्षण केले.

या भ्रमंतीत सातारा जिल्ह्यातील वाहत्या, गोड्या पाण्यात त्यांना एक चिमुकला प्राणी आढळला. आकार छत्रीसारखा आणि शरीर काचेसारखे पारदर्शक. तो जेलीफिश होता. जेलीफिश म्हटला, की समुद्राचे खारे पाणी डोळ्यांपुढे येते. गोड्या पाण्यातील या वंशाचे प्राणी तोपर्यंत केवळ आफ्रिकेतच सापडले होते. सह्याद्रीतील हा प्राणी शास्त्रज्ञांना नवीन होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील अॅनन्डेल यांनी त्याचे वर्णन केले आणि १९१२ साली त्याला लिम्नोक्निडा इंडिका हे शास्त्रीय नाव मिळाले.

असे नाव देणे म्हणजे नुसते बारसे नव्हे. नव्या जीवाच्या अवयवांची इतर जीवांच्या अवयवांशी तुलना करावी लागते. वनस्पतीच्या बाबतीत पानांची मांडणी, फुलातील पाकळ्या व पुंकेसर, फळ आणि बी हे सारे तपासावे लागते. साम्य व भेद नीट पाहिल्यावरच तिचे सगेसोयरे कोण, हे ठरते. दूरच्या दोन देशांत एकाच कुळातील जीव आढळले, की ते तेथे कसे पोहोचले, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. आघारकरांच्या पुढील संशोधनाचा रोख याच प्रश्नाकडे वळला.

त्या सुमारास रासबिहारी घोष यांच्या मोठ्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात विज्ञानाची अध्यासने निर्माण झाली होती. वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी आघारकरांची निवड झाली आणि अधिक अभ्यासाकरिता ते जर्मनीस गेले. तेथे बर्लिन शहर वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या अभ्यासाचे मोठे केंद्र होते. तेथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख एंग्लर यांची वर्गीकरणपद्धती जगभर मान्यता पावली होती.

परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. भारत तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि इंग्लंड जर्मनीशी लढत होते. त्यामुळे आघारकर शत्रूचे प्रजाजन ठरले व त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. ज्या राज्यकर्त्यांची सत्ता त्यांच्या देशाने आपणहून पत्करली नव्हती, त्यांच्याच युद्धाची झळ त्यांना परमुलखात सोसावी लागली. स्वदेश दूर, युद्ध कधी संपेल याचा भरवसा नाही, अशी ती स्थिती होती. तरीही त्यांनी आपला अभ्यास सोडला नाही. भारताच्या वायव्य भागातील कोरड्या प्रदेशांत वाढणाऱ्या वनस्पती, त्यांच्या प्रसाराची साधने व त्यांचे मूळ स्थान हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांना मिळाली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी १९४६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले. तेथून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. या वयात मनुष्य विश्रांतीची वाट पाहतो. आघारकरांनी मात्र नव्या कार्याला हात घातला. महाराष्ट्रातही मूलभूत संशोधनाला वाहिलेली संस्था असावी, या हेतूने १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. दुसऱ्याने पेरलेल्या वृक्षाची सावली घेणे सोपे असते. त्यांनी मात्र उतारवयात स्वतः रोप लावून त्याला पाणी घालण्याचे काम पत्करले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

१९९२ साली या संस्थेला आघारकर संशोधन संस्था असे नाव देण्यात आले. तेथील वनस्पतिसंग्रहात दाबून वाळविलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून जपून ठेवल्या आहेत. अशा प्रत्येक नमुन्याबरोबर वनस्पतीचे नाव, ती मिळाल्याचे ठिकाण आणि तारीख लिहिलेली असते. त्यामुळे पुष्कळ वर्षांपूर्वी खुडलेल्या डहाळीशी आजची डहाळी ताडून पाहता येते. संस्थेने गहू, सोयाबीन व द्राक्ष यांचे नवे वाणही तयार केले. गव्हाच्या व सोयाबीनच्या त्या वाणांच्या नावांत एमएसीएस ही विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे येतात. ज्या शेतकऱ्याने आघारकरांचे नाव कधी ऐकले नसेल, त्याच्याही शेतात त्यांच्या संस्थेचे बी रुजत असते. बी आपल्या झाडापासून दूर जाऊन रुजते, हेच त्यांनी आयुष्यभर अभ्यासले होते. त्यांच्या कार्याच्या बाबतीतही तसेच घडले.