राजा दीनदयाळ: सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या निगेटिव्ह मोठ्या केल्या तरी फोटो का फुटत नाही?

आजोबांचा जुना फोटो भिंतीवर लावायला मोठा करून घेतला की चेहऱ्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके दिसायला लागतात. यालाच ग्रेन म्हणतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काही निगेटिव्हमधून मोठी प्रिंट काढली तरी पगडीची घडी न् घडी दिसते. अशा निगेटिव्ह मागे ठेवणारं मोठं नाव म्हणजे राजा दीनदयाळ.

आजचा हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्याच संस्थानाचे दरबारी फोटोग्राफर म्हणजे दीनदयाळ.

त्यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्यातल्या जैन कुटुंबातला. रुरकीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास हातात कॅमेरा आला. इंग्रज अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत त्यांनी मध्य भारतातली जुनी मंदिरं, किल्ले टिपले. काम इतकं गाजलं की १८८५ मध्ये ते व्हाइसरॉयचे फोटोग्राफर झाले.

पुढे सिकंदराबादला स्टुडिओ निघाला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना राजा हा किताब दिला. १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ सुरू झाला. तिथलं काम एक इंग्रज बाई बघायच्या. १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला. दरबाराचा थाट टिपणाऱ्या याच स्टुडिओनं औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकार्याचेही फोटो काढले. १९०५ मध्ये दीनदयाळ गेले.

आता मूळ प्रश्न. निगेटिव्हवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांनी बनतं. चित्र जितक्या पटीनं मोठं कराल, तितक्या पटीनं कणांचे पुंजकेही मोठे होतात.

साध्या ३५ मिलिमीटर रोलची निगेटिव्ह फक्त ३६ मिलिमीटर रुंद असते. तिची ३ फूट रुंद प्रिंट म्हणजे सुमारे २५ पट वाढ. दीनदयाळ मोठ्या काचेच्या प्लेट वापरायचे. १२ इंच रुंदीची प्लेट असेल तर तेवढ्याच प्रिंटला फक्त ३ पट वाढ लागते. त्या काळी काच थेट कागदावर ठेवून तेवढ्याच मापाची प्रिंट काढत, त्यामुळे ग्रेन डोळ्यांना दिसायचाच नाही.

स्कॅनिंगचंही तेच गणित. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ४००० डीपीआयला स्कॅन केली तरी ३ फुटांवर इंचाला जेमतेम १५७ पिक्सेल मिळतात. १२ इंची काच १२०० डीपीआयला स्कॅन केली तर ४०० मिळतात. लहान निगेटिव्हचा डीपीआय नुसता वाढवत नेला तर एका टप्प्यानंतर चेहरा नाही, ग्रेनच जास्त स्पष्ट होतो. शार्पनिंग केलं तर तो आणखी उठून दिसतो. सॉफ्टवेअरनं पूर्ण पुसला तर कापडाचं विणकाम आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात, माणूस मेणाचा दिसतो.

दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं मिळवल्या. प्रिंट फाटली तर दुसरी काढता येते, पण काच फुटली की मूळ चित्रच गेलं.

म्हणून घरातल्या किंवा गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्ह, काचेच्या असोत वा रोलच्या, स्कॅन झाल्या म्हणून भंगारात देऊ नका. स्कॅनची एक प्रत ग्रेनसकट, काहीही न पुसता ठेवा. पुढे जास्त चांगला स्कॅनर आला तर पुन्हा त्या मूळ निगेटिव्हकडेच जावं लागेल.