भिंतीतली केबल आणि ऑलिव्हर हेविसाइड

आमच्या नव्या घराला प्लास्टर व्हायच्या दोन दिवस आधी वायरमन काकांनी विचारलं, टीव्हीसाठी पाइपातून काय ओढायचं? तीन खोल्या, तीन टीव्ही, डिश गच्चीवर. बाबा म्हणाले, आता सगळं वायफायवर चालतं, वायर कशाला? पण जुन्या घरात आजीच्या खोलीतला टीव्ही रोज ऐन मालिकेच्या वेळी चौकोन-चौकोन होऊन अडकायचा, तो माझ्या डोक्यात बसला होता. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायला कोणी देणार नव्हतं. म्हणून उत्तर शोधायला बसलो आणि पोचलो थेट १८५० साली लंडनमध्ये जन्मलेल्या एका माणसापाशी.

टीव्हीला लागते ती गोल केबल आठवा. मधोमध तांब्याची तार, भोवती पांढरा थर, त्यावर जाळी. ही कोएक्सियल केबल. तिचं पेटंट १८८० मध्ये ऑलिव्हर हेविसाइडनं घेतलं. टीव्ही सोडाच, तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता. त्याला त्रास होता तो शेजारशेजारच्या तारांचे सिग्नल एकमेकांत मिसळण्याचा. एक वाहक दुसऱ्याच्या पोटात घातला की तो त्रास जातो, इतकी सरळ कल्पना.

घरची परिस्थिती बेताची. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि कानांवर परिणाम झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, कॉलेजचं तोंड पाहिलंच नाही. तारायंत्रातले मोठे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन हे त्याच्या मावशीचे यजमान, त्यामुळे तार कंपनीत नोकरी मिळाली. तीही त्यानं चोविसाव्या वर्षी सोडली, आणि परत कधी नोकरी केलीच नाही. आईवडिलांच्या घरात एका खोलीत बसून मॅक्सवेलचं विजेवरचं पुस्तक वाचत राहिला. आधी त्यातलं फारसं कळलं नव्हतं. पण आज आपण इंजिनिअरिंगला मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणं पाठ करतो, त्यांना ते आटोपशीर रूप देण्यात मोठा वाटा याचा. मी ती परीक्षेत लिहिली तेव्हा हे नाव कोणी सांगितलंच नव्हतं!

१८८७ मध्ये त्यानं दाखवलं की लांब तारेत आवाज फाटतो, कारण सिग्नलमधल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या वेगानं पोचतात आणि कमी-जास्त क्षीण होतात. उपाय होता तारेचं इंडक्टन्स वाढवण्याचा. पोस्ट खात्याचे मोठे अधिकारी विल्यम प्रीस यांचं मत बरोबर उलटं होतं. ऑलिव्हरनं भाऊ आर्थरबरोबर लिहिलेला निबंध त्यांनी छापू दिला नाही. पुढे अमेरिकेत याच तत्त्वावर टेलिफोनच्या तारांत ठरावीक अंतरावर कॉइल बसवल्या गेल्या. पेटंटचा पैसा मिळाला मायकेल प्युपिन यांना. हेविसाइडलाही पैसे देऊ केले होते, पण पूर्ण श्रेय मिळाल्याशिवाय घेणार नाही म्हणून त्यानं नाकारले, असं सांगतात. घरात पैशाची चणचण असताना. मला हा हट्ट पटतोही आणि पटत नाहीही.

शेवटची वर्षं डेव्हन परगण्यात टॉर्की इथे गेली. विक्षिप्तपणा वाढला, माणसं दुरावली. १९२२ मध्ये पहिलं फॅरडे पदक त्याला मिळालं, १९२५ मध्ये तो गेला. चारच वर्षांनी एस्पेनशीड आणि ॲफेल या अमेरिकन इंजिनिअरांनी एकाच कोएक्सियल केबलमधून शेकडो फोन किंवा टीव्हीचं चित्र नेण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला.

आता आमच्या आजीच्या टीव्हीकडे. इम्पिडन्स हा शब्दही हेविसाइडचाच. टीव्हीची केबल ७५ ओहम इम्पिडन्सची असते. तारा नुसत्या पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोड दिला की तिथे ते बदलतं आणि सिग्नलचा काही भाग मागे परततो. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर चित्राशेजारी भुतासारखं दुसरं चित्र दिसायचं, डिजिटलवर चौकोन पडतात. जुन्या घरात मी पट्टी सोडली, तर आत नेमका असाच पिळलेला जोड निघाला. वायफायनं हा जोड टळला असता, पण नव्या घरात राउटर आणि आजीची खोली यांच्यामध्ये स्लॅब आहे.

शेवटी काकांना सांगितलं, प्रत्येक खोलीला गच्चीपासून सलग एक आरजी-६ कोएक्सियल आणि हॉलमधल्या राउटरपाशी येणारी एक कॅट-६, मध्ये कुठेही जोड नको. आरजी-६ डिशच्या सेट-टॉप बॉक्ससाठी, कॅट-६ इंटरनेटवरच्या व्हिडिओसाठी. एचडीएमआय केबलच भिंतीत घालावी म्हटलं, तर लांब अंतरावर साधी केबल दगा देते, आणि पुढे प्लग बदलला तर पंचाईत. पाइप एक साइज मोठा घेतला. बाबांनी खर्चाचा आकडा बघून कपाळाला हात लावला.

काकांनी मात्र एकच विचारलं, जोड नको म्हणजे शंभर मीटरचं बंडल आणायचं ना? हो म्हटलं.