इंदापूर-सुप्याची जहागीर आणि नौदलाचा ध्वज

सुपे (आता बारामती तालुका) व इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. इंदापुरातच आजोबा मालोजीराजे लढाईत कामी आले. शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवाजीराजांकडे पुढे या मुलखाचा कारभार आला. वडिलांची मुद्रा फार्सी. राजांची मात्र संस्कृत, अष्टकोनी आणि लोककल्याणाची ग्वाही देणारी. तिची कसोटी सुप्यातच लागली. ठाणे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्या हाती होते, आणि ते ऐकेनात. राजांनी नाते बाजूस सारून ठाणे घेतले व मामांना कर्नाटकात शहाजीराजांकडे धाडले. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, १६८० मध्ये तेथेच निधन. भारतीय नौदलाच्या ध्वजावर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत आलेली अष्टकोनी आकृती त्याच मुद्रेवरून घेतलेली आहे.