स्वप्नात जागं राहायचंय? आधी धर्मानंद कोसंबी समजून घेऊ

मोर्शी तालुक्यात तरुणांबरोबर काम करताना अलीकडे आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून काही मुलं रात्री प्रयोग करतात. उताणं पडायचं, खाज सुटली तरी हलायचं नाही, शरीराला झोपू द्यायचं आणि मन मात्र जागं ठेवायचं. साधलं तर माणूस जाणिवेसकट थेट स्वप्नात शिरतो, असं त्यांनी ऐकलेलं असतं. एका मुलाला स्वप्न काही दिसलं नाही. छातीवर वजन आलं, हातपाय हलेनात, खोलीत कुणीतरी उभं असल्याचा भास झाला. घरच्यांना वाटलं, बाहेरचं लागलं. भगताकडे न्यायची तयारी झाली. दुसरीकडे त्याचे मित्र म्हणत होते, ही तर समाधी. दोन्हीकडची चूक दाखवायला आम्ही त्यांना धर्मानंद कोसंबींचं आयुष्य सांगितलं. तेच इथे मांडत आहोत.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. शाळा फारशी झाली नाही. नारळाच्या बागायतीची कामं पाहता पाहता मन उदास होत गेलं. अशा काळात ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धांविषयी वाचलं आणि त्यांना दिशा मिळाली. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्यांच्या शोधाची किंमत बाळाबाईंनीही मोजली, हे आपण विसरता कामा नये.

पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करत १९०२ साली ते श्रीलंकेला पोहोचले. विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात गेले. तिथे १९०४ च्या सुमारास सगाईंगच्या डोंगरातल्या गुहांमध्ये न्यानतिलोक या जर्मन भिक्खूंसोबत राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. आपल्या सालबर्डीच्या डोंगरातली लेणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना गुहेतला तो काळोख आणि शांतता लगेच समजेल. म्हणजे स्थिर बसणं, मन जागं ठेवणं हे धर्मानंदांनी नुसतं पुस्तकातून शिकलं नव्हतं.

पण ते गुहेत थांबले नाहीत. १९०६ साली भारतात परतले, चीवर सोडलं आणि शिकवायला लागले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, ते त्यांनी मराठी माणसासाठी लिहिता यावं म्हणून स्वीकारले. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. वॉरन यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलेलं ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं संपादन त्यांनी हाती घेतलं. हार्वर्डची ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली निघाली. देवनागरी आवृत्ती मात्र त्यांनी १९४० सालीच हाती दिली होती. त्याआधी १९२५ साली ‘समाधिमार्ग’ लिहून ध्यानाची वाट सोप्या मराठीत आणली.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर धर्मानंदांनी आयुष्यभर अभ्यासलेल्या याच पाली परंपरेत आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला समजावतात, की स्वप्न पडतं ते गाढ झोपेत नाही आणि पूर्ण जागेपणीही नाही. मधल्या हलक्या झोपेत पडतं. तिला ते माकडाची झोप म्हणतात. झोपेच्या उंबरठ्यावरची ही अवस्था आपल्या परंपरेला माहीत होती, पण तिथे घुसण्याची शर्यत तिने लावली नाही. भिक्खूने रात्रीच्या मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, सजग राहून, उठण्याची वेळ मनात धरून निजावं, एवढंच सांगितलं. हीच सिंहशय्या. झोपताना सजग राहायचं ते वेळेवर उठून कामाला लागण्यासाठी. ‘विसुद्धिमग्गा’त मैत्रीभावनेचे अकरा लाभ येतात. त्यांतले पहिले तीन झोपेचेच आहेत: सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत. चांगल्या झोपेची वाट दिवसभराच्या वागण्यातून जाते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

विज्ञानही भुताला जागा ठेवत नाही. स्वप्नाच्या झोपेत मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू सैल करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नातली धाव अंथरुणात धावत नाही. कधी मन आधी जागं होतं आणि स्नायू मागे राहतात. तेव्हा दडपण येतं, भास होतात. थोड्या वेळात ते आपोआप जातं. जागरण आणि उताणं झोपणं यांनी हा त्रास वाढू शकतो. स्वप्नात भान असणं हेही खरं आहे. १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी, स्वप्न पाहणाऱ्याने झोपेतच डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी दिलेली खूण यंत्रावर नोंदवली. म्हणजे ही मेंदूची एक अवस्था आहे. ती बाधा नाही आणि निर्वाणही नाही. त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टर गाठा, भगत नको.

धर्मानंदांचं पुढचं आयुष्य जागेपणाचा अर्थ सांगतं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तिथे राहून त्यांनी कष्टकऱ्यांपर्यंत धम्म नेला. हार्वर्डपर्यंत पोहोचलेला पंडित शेवटी गिरणगावात येऊन राहिला. ४ जून १९४७ रोजी मोर्शीच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम आश्रमात, दीर्घ उपोषणानंतर त्यांचं निधन झालं. उपोषणाने देह ठेवण्याचा त्यांचा निर्णय आम्हाला पटत नाही, तो कुणाचा आदर्शही होऊ नये. आदर्श आहे तो त्याआधीचा उद्योग. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याआधीच मराठीत बुद्धांवरची पुस्तकं वाचायला मिळत होती. त्यामागे या माणसाचे कष्ट मोठे होते.

म्हणून मोर्शीच्या मुलांना आमचं सांगणं एवढंच. झोप मोडून प्रयोग करू नका. रात्री मोबाइल दूर ठेवा, उजव्या कुशीवर निजा, चार श्वास शांतपणे पाहा, दिवसभरात ज्याच्याशी भांडलात त्याचंही भलं चिंता आणि झोपी जा. सकाळी वेळेवर उठा. वस्तीतल्या लहान मुलांची अभ्यासिका, संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या मजुरांचे प्रश्न, भगताच्या दारात उभी असलेली माणसं, सगळी तिथेच आहेत. तिथे जागं असणारा तरुण आम्हाला हवा आहे.