सूझांची मस्तके आणि बाजाराचा निवाडा

आधुनिक चित्रातील माणसाचे डोके पाहून आपल्याकडील सुशिक्षितही बिचकतो. डोळे कपाळावर, दात ओठांबाहेर, गालांवर रेघांचे जाळे. याला चित्र म्हणावे काय, असा त्याचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या चरित्रात सापडते.

गोव्यातील साळगाव येथे १९२४ साली जन्मलेल्या सूझांचे पितृछत्र ते तान्हे असतानाच हरपले. देवीच्या आजारातून ते वाचले आणि शिवणकाम करून आईने त्यांना मुंबईत वाढविले. भिंतीवरील चित्रांच्या आरोपावरून शाळेने त्यांना काढले. स्वातंत्र्य चळवळीतील सहभागापायी १९४५ मध्ये जे. जे. कलाशाळेनेही काढले. १९४७ मध्ये रझा, आरा, गाडे, बाकरे आणि आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९४९ मध्ये ते लंडनला गेले. तेथील आरंभीची वर्षे ओढगस्तीची होती. पत्नी मारिया यांच्या कमाईचा आधार होता. १९५५ च्या प्रदर्शनाने त्यांना नाव मिळाले.

त्याच वर्षीचे त्यांचे 'मिस्टर सेबॅस्टियन' पाहावे. बाणांनी विद्ध झालेला ख्रिस्ती संत येथे कोट घातलेला सभ्य गृहस्थ झाला आहे आणि बाण रुतले आहेत ते चेहऱ्यात व मानेत. ही विरूपता हाताच्या अकौशल्यातून आलेली नाही. प्रतिष्ठेच्या आवरणाखाली माणूस कसा पिचतो, हे ती दाखविते. सूझा पूर्ण अमूर्ताकडे वळले नाहीत. तथापि १९६५ च्या सुमाराच्या काळ्यावर काळ्या चित्रांत रंगाच्या जाड थरांवर तिरपा प्रकाश पडला, तरच मस्तक दिसते.

२००२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. १९५५ चे त्यांचे 'बर्थ' हे चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी किंमत आणि मूल्य यांतील भेद दरवर्षी शिकवितो. त्याला याहून बोलके उदाहरण नाही. चित्र तेच होते, साठ वर्षांत बदलला तो बाजार.

म्हणून एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत वेडेवाकडे डोके आढळले, तर आपण शिक्षकांनी शिक्षेपूर्वी क्षणभर थांबावे. त्यातून प्रत्येक वेळी सूझा निघणार नाही, हे खरे. परंतु लिलावाचा हातोडा पडेपर्यंत वाट पाहणे, हे शिक्षणाचे काम नव्हे.